दाद मागण्याचा हक्क कुणाचा?

एक बाई कोर्टात उभी राहते. समोर बारा अनोळखी माणसे बसलेली असतात. त्यांच्यासमोर ती नवऱ्याने केलेल्या मारहाणीची हकिगत सांगते. नवऱ्याचा वकील तिला आडवेतिडवे प्रश्न विचारतो, तिच्या आठवणीवर, नियतीवर, चारित्र्यावर शंका घेतो. ती डगमगत नाही. बारा जण आतल्या खोलीत जाऊन विचारविनिमय करतात आणि बाहेर येऊन सांगतात, नवरा दोषी आहे. बाईला वाटते, सुटले एकदाची. आणि थोड्याच दिवसांत तिला कळते की नवऱ्याने वरच्या कोर्टात अपील केले आहे.

अमेरिकेतल्या कोर्टांत हे काही नवलाचे नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा संतापच येतो. घराच्या चार भिंतींआड हात उगारताना ज्याने कसलाही कायदा पाळला नाही, त्यालाच आता कायद्याच्या बारीकसारीक कलमांचा आधार हवा आहे! जालिमाने इन्साफ मागावा हे ऐकायलाच विचित्र वाटते. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा असे आम्हांला वाटते. ज्याचा गुन्हा शाबीत झाला त्याला पुन्हा दाद मागू देणे हा त्या मजलूम बाईवर दुसरा जुलूम आहे, की न्यायाचाच एक भाग आहे?

ज्युरी म्हणजे काय, हे आमच्या पिढीने सिनेमातच पाहिले. पण मुंबईला ती परकी नव्हती. १९५९ साली नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या मित्राला गोळ्या घालून ठार केले, तो खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीसमोरच चालला. ज्युरीतल्या नऊपैकी आठ जणांनी नानावटी निर्दोष असल्याचा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. नानावटी खटल्यातून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. सामान्य माणसांचे मन कुणाकडे झुकेल ते सांगता येत नाही. ते कधी मारणाऱ्याकडे झुकते, कधी मार खाणाऱ्याकडे.

अमेरिकेने ज्युरी टिकवली. गंभीर गुन्ह्यात ज्युरीपुढे खटला चालणे हा तिथे राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की, अशा गुन्ह्यात दोषी ठरवायचे तर ज्युरीचे एकमत झाले पाहिजे. पण आपल्याहून मोठा फरक पुढेच आहे. तिथे ज्युरीने एखाद्याला निर्दोष सोडले की विषय संपला. सरकारला त्याविरुद्ध अपील करता येत नाही, बाईला तर नाहीच नाही. एका गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभे करायचे नाही, हे त्यांचे तत्त्व आहे. अपील करू शकतो तो दोषी ठरलेलाच. आपल्याकडे आरोपी सुटला तर सरकार वर जाऊ शकते, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडित व्यक्तीलाही स्वतः अपील करता येते. म्हणजे आपल्याकडे दाराला दोन्ही बाजूंनी कडी आहे, त्यांच्याकडे एकाच बाजूने. मग बाईने विचारावे, हा कसला न्याय? त्याला दुसरी संधी, आणि मला?

याचे उत्तर शोधण्याआधी अपील म्हणजे काय नव्हे ते समजून घेतले पाहिजे. आम्ही शिक्षक मंडळी, म्हणून आमच्याच धंद्यातला दाखला देतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर मुले गुणपडताळणीसाठी अर्ज करतात. त्यात उत्तरपत्रिका नव्याने तपासत नाहीत. बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट चढले का, एवढेच पाहतात. मुलाला कविता कळली होती की नव्हती, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेतले अपील पुष्कळसे असेच असते. तिथे नवा साक्षीदार येत नाही. बाईला पुन्हा बोलावत नाहीत. ज्युरी नसते. न्यायाधीशांपुढे असते ती खालच्या कोर्टात उच्चारलेल्या शब्दन् शब्दाची टंकलिखित नोंद आणि दोन्ही बाजूंची लेखी निवेदने. अर्जाची मुदतही तोकडी असते. कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्यासाठी ६० दिवस, किरकोळ गुन्ह्यासाठी ३० दिवस.

वरचे कोर्ट मग पाहते तरी काय? न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा नीट समजावून सांगितला का? जो पुरावा पुढे यायला नको होता तो आला का, किंवा यायला हवा होता तो अडवला गेला का? आरोपीच्या वकिलाने निदान कामापुरते काम केले का? ‘बारा जणांनी तिच्यावर विश्वास ठेवला हेच चूक’ असे म्हणून मात्र सहसा भागत नाही. १९७९ च्या एका निकालापासून कसोटी अशी की, सरकारी बाजूला अनुकूल असा पुराव्याचा अर्थ लावूनही कुठल्याच समंजस माणसाला हा निष्कर्ष काढता आला नसता, तरच हस्तक्षेप करायचा. शिवाय चूक सापडली म्हणजे शिक्षा रद्द झालीच असेही नाही. त्या चुकीने निकालात काही फरक पडला नसता अशी न्यायाधीशांची खात्री पटली, तर शिक्षा कायम राहते. थोडक्यात, ‘त्याने मारले का?’ असा प्रश्न अपील सरळ विचारत नाही. ‘त्याने मारले, या निष्कर्षाला तुम्ही सरळ रस्त्याने पोहोचलात का?’ असे ते विचारते.

हा रस्ता किती अवघड आहे ते घरातल्या मारहाणीच्या खटल्यांत जितके कळते तितके बहुधा दुसरीकडे कळत नाही. कारण इथे साक्षीदारच अनेकदा येत नाही. आपल्याकडे म्हण आहे, मियाँ-बीवी राजी तो क्या करेगा काजी. शेजारीपाजारी ही म्हण मोठ्या खुबीने वापरतात. बाईने रात्री टाहो फोडला तरी सकाळी ‘त्यांचे त्यांनी मिटवले’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकेतही पूर्वी पोलिसांची वागणूक फारशी वेगळी नव्हती. १९८० नंतरच्या काळात तिथे कायदे कडक होत गेले आणि अनेक ठिकाणी सरकारी वकिलांनी ठरवले की, बायकोने तक्रार मागे घेतली तरी खटला चालवायचा. ती खुशीने गप्प आहे की भीतीने, हे बाहेरून कसे कळणार? तेव्हा काजीने थांबायचे नाही.

ठीक. पण बाईच येणार नसेल तर पुरावा कुठला? तिने पोलिसांना जे सांगितले, फोनवर जे सांगितले, तो. आणि इथेच अपिले उभी राहतात. अमेरिकेच्या घटनेतल्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला हक्क दिला आहे की, त्याच्याविरुद्ध गवाही देणारा त्याच्यासमोर आला पाहिजे आणि त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काविषयी दोन प्रकरणांचा निकाल एकत्रच दिला. पहिले वॉशिंग्टन राज्यातले, डेव्हिस याचे. भेटण्यास मनाई असताना तो बाईच्या घरी गेला होता. त्याने हात उगारला तेव्हा तिने ९११ या तातडीच्या क्रमांकावर फोन केला आणि कोण मारतो आहे ते सांगितले. खटल्याला ती आली नाही. त्या फोनच्या ध्वनिमुद्रणावर ज्युरीने डेव्हिसला दोषी ठरवले. दुसरे इंडियाना राज्यातले, हॅमन याचे. तो खटला ज्युरीशिवाय, न्यायाधीशांसमोर चालला होता. पोलीस पोहोचले तेव्हा भांडण शमले होते. त्यांनी नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून बायकोचा लेखी जबाब घेतला. तीही पुढे कोर्टात आली नाही.

कोर्टाने डेव्हिसची शिक्षा कायम ठेवली आणि हॅमनची रद्द केली. कारण काय? फोनवरची बाई मदत मागत होती. संकट चालू होते, आणि ती जे बोलली ती मदतीची हाक होती. हॅमनच्या बायकोचा जबाब मात्र घडून गेलेल्या गोष्टीचा होता. ती गवाहीच होती, आणि गवाही समोरासमोर झाली पाहिजे. पहिल्या वाचनात हा फरक आम्हांला केस पिंजल्यासारखा वाटला. मार दोघींनीही खाल्ला होता. एकीने मार चालू असताना तोंड उघडले, दुसरीने थांबल्यावर, एवढाच फरक. पण जरा उलट बाजूने पाहू या. एखाद्या माणसाविरुद्ध बंद खोलीत पोलिसांनी जबाब लिहून घ्यावा, जबाब देणारा कधी समोर येऊ नये आणि त्या कागदावर त्याला तुरुंगात टाकावे, हे आपल्यापैकी कुणाला मान्य आहे? पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर डोळे मिटून विश्वास ठेवणे किती महागात पडते ते गरिबांना आणि अल्पसंख्याकांना कुणी नव्याने शिकवायला नको. जो नियम नावडत्या माणसाला लागू नाही, तो आवडत्या माणसाचेही रक्षण करू शकत नाही.

तरी मनाचे समाधान होत नाही. कारण बाई का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा तो नवराच असतो. मग त्याच्या दहशतीचा फायदा त्यालाच मिळायचा काय? २००८ साली कॅलिफोर्नियातल्या जाइल्स याच्या अपिलात हा प्रश्न अगदी टोकाला गेला. त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला गोळ्या घातल्या होत्या. त्याआधी काही आठवडे तिने पोलिसांना सांगितले होते की, त्याने आपल्याला मारले आणि जिवे मारण्याची धमकी दिली. ज्युरीने तेही ऐकले आणि त्याला खुनासाठी दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल टिकू दिला नाही, प्रकरण पुन्हा खाली पाठवले. केवळ त्याने तिला मारले म्हणून समोरासमोर गवाहीचा त्याचा हक्क संपत नाही, तिला बोलू न देण्याच्या हेतूने मारले हे दिसले पाहिजे, असे बहुमत म्हणाले. त्याच निकालात हेही नमूद आहे की, घरातल्या छळाचा उद्देश अनेकदा बाईला बाहेर मदत मागण्यापासून रोखणे हाच असतो, आणि कोर्टांनी ते लक्षात घ्यावे. मेलेली बाई साक्षीला येऊ शकत नाही हे खरे. पण हा निकाल वाचताना न्यायाच्या तराजूचे एक पारडे हातात दगडासारखे जड लागते, हे कबूल केले पाहिजे.

म्हणजे दाद मागण्याचा हक्क फुकट मिळत नाही. त्याची किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा बाई भरते. अपील मंजूर झाले तर आरोपी सहसा लगेच मोकळा होत नाही, खटला पुन्हा चालू शकतो. म्हणजे तिने पुन्हा उभे राहायचे, पुन्हा तेच सांगायचे, पुन्हा तेच प्रश्न झेलायचे. दोषी माणूस गरीब असेल तर पहिल्या अपिलासाठी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे १९६३ सालीच तिथे ठरले आहे. बाईला स्वतःचा वकील नसतो. खटला सरकारचा असतो आणि ती त्यातली एक साक्षीदार. उर्दूत म्हणतात, मुद्दई सुस्त, गवाह चुस्त. इथे उलटे होते. मुद्दई सरकार चुस्त, आणि ज्या गवाहच्या अंगावर वळ आहेत ती थकून गेलेली.

दोषी ठरलेल्याच्या बाजूलाही काही वजन आहे, ते लपवून चालणार नाही. घरातल्या मारहाणीच्या शिक्षेचे परिणाम तुरुंगाच्या मुदतीपुरते राहत नाहीत. १९९६ सालच्या कायद्यांनुसार अशी शिक्षा झालेल्याला बंदूक बाळगता येत नाही, आणि तो परदेशी नागरिक असेल तर त्याला देशाबाहेर काढता येते. अमेरिकेत कामाला गेलेल्या आपल्या लोकांना, त्यांत मराठी कुटुंबेही आली, हे दुसरे कलम लागू पडते. एका निकालाने नवऱ्याची नोकरी, घर आणि देश जाऊ शकतो, आणि पुष्कळदा त्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बायकोचे पायही डळमळतात. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ ही संस्था निघाली ती उगाच नव्हे. परक्या मुलखात मार खाणाऱ्या बाईला माहेर नसते. जिथे परिणाम इतके दूरवर जातात, तिथे निकाल चुकू नये याची काळजीही तितकीच घ्यायला हवी.

आता आम्हांला निर्णायक वाटणारी गोष्ट. ती अमेरिकेतली नाही, इंग्लंडमधली आहे. तिथेही ज्युरी आहे. पंजाबहून लग्न होऊन गेलेल्या किरणजित अहलुवालिया यांनी दहा वर्षे नवऱ्याचा छळ सोसला. कोर्टाचे मनाई हुकूम झाले, तरी मार थांबला नाही. १९८९ साली एका रात्री त्यांनी झोपलेल्या नवऱ्यावर पेट्रोल टाकून आग लावली. तो काही दिवसांनी मेला. त्याच वर्षी ज्युरीने त्यांना खुनासाठी दोषी ठरवले आणि जन्मठेप झाली. चिथावणीने भान सुटले म्हणावे, तर कायद्याला ते अचानक, त्याच क्षणी सुटलेले हवे होते. दहा वर्षे थेंबाथेंबाने साचलेले दुःख त्या व्याख्येत बसत नव्हते. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने त्यांची बाजू उचलून धरली. १९९२ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. चिथावणीचा मुद्दा कोर्टाने मानला नाही. पण त्यांच्या मानसिक अवस्थेविषयीचा जो वैद्यकीय पुरावा पहिल्या खटल्यात पुढे यायला हवा होता तो आलाच नव्हता, हे मानले. फेरखटल्यात खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली आणि भोगलेल्या मुदतीइतकीच शिक्षा देऊन त्यांची सुटका झाली. पुढे २००९ च्या कायद्याने इंग्लंडने भान ‘अचानक’ सुटण्याची अटच काढून टाकली.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. किरणजित बाहेर आल्या त्या कुठल्या दारातून? ज्या दारावर मारकुट्या नवऱ्याने थाप मारली की आपल्याला संताप येतो, त्याच दारातून. ज्युरीने दोषी ठरवल्यावरही ‘रस्ता चुकला होता’ असे म्हणण्याची सोय होती, म्हणून ती बाई जिवंतपणी मोकळी झाली. हे दार नवऱ्यांसाठी बंद आणि बायकांसाठी उघडे, असे बांधता येत नाही. आत येणारा जालिम की मजलूम, हे उंबरठ्यावर कळत नाही. ते कळावे म्हणूनच तर दार असते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २००४ च्या क्रॉफर्ड खटल्यातल्या नियमानुसार, ज्या साक्षीदाराला आरोपीच्या वकिलाने एकदा भर कोर्टात प्रश्न विचारले आहेत, तो पुढे खरोखरच येऊ शकला नाही तरी त्याची आधीची गवाही फेरखटल्यात वापरता येते. म्हणजे पहिल्या खटल्यात उलटतपासणी सोसून बोललेल्या बाईचे शब्द अपिलाने पुसले जात नाहीत. पोलिसांच्या कागदावरचा तिचा जबाब कोर्टात पडू शकतो, पण समोरासमोर दिलेली गवाही तिच्यामागेही उभी राहते. ज्या प्रश्नांनी तिला रडवले, त्याच प्रश्नांनी तिची गवाही पक्की केली. आरोपीचा हक्क आणि बाईचे सत्य हे एकमेकांचे दुष्मन आहेत, असे आपण गृहीत धरतो. ते तसे नाहीत. त्याचा हक्क पाळून मिळवलेले सत्यच तिला आयुष्यभर पुरते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जालिमालाही दाद मागू द्यावी, पण तिची किंमत एकट्या बाईने भरू नये. अपील चालू असतानाची वर्षे तिने कुणाच्या आधाराने काढायची, हा कोर्टाइतकाच समाजाचा प्रश्न आहे. निवारा, कमाई, मुलांची शाळा, संरक्षणाचा हुकूम, सोबतीला एक समजूतदार माणूस, हे तिला मिळत असेल तर अपील तिच्यावरचा दुसरा घाव होत नाही. हे न मिळता नुसते निकालाकडे डोळे लावून बसावे लागले, तर पहिला निकालही तिच्या काय कामाचा?

याहून सोपे पण अधिक अवघड असे एक काम आपल्या सगळ्यांचे आहे. आपल्याकडे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा २००६ साली अमलात आला. त्यातल्या हुकुमाविरुद्धही ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि हा हक्क बाईलाही आहे, समोरच्यालाही. वरच्या कोर्टाने एखादा हुकूम फिरवला की मोहल्ल्यात, गावात, नातेवाइकांत लगेच बोलले जाते, ‘बघा, बाई खोटी निघाली.’ हे साफ चूक आहे. अपिलात सुटणे म्हणजे निष्पाप ठरणेच असे नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, तपासणाऱ्याची बेरीज चुकली. बेरीज चुकली म्हणून मुलाने उत्तरच लिहिले नव्हते, असे कुठला शिक्षक म्हणेल? तसेच, अपील केले म्हणून माणूस निर्लज्ज ठरत नाही आणि अपील फेटाळले म्हणून तो सुधारण्यापलीकडे जात नाही. कोर्ट जेवढे बोलले तेवढेच ऐकावे. ते जिथे गप्प राहिले, ती जागा आपल्या संशयाने भरू नये. त्या जागेत बहुतेक वेळा एक बाई उभी असते आणि तिला उद्या पुन्हा त्याच गल्लीतून जायचे असते.